अक्षरांचे शिल्पकार : जावजी दादाजी

प्रास्ताविक

छापील पुस्तक वाचताना आपले सारे लक्ष आशयाकडे असते. दोन अक्षरांमध्ये किती जागा सोडली आहे, मात्रा आणि वेलांटी नेमक्या जागी बसली आहे की नाही, हे आपण सहसा पाहत नाही. अक्षरे एकमेकांवर चढली किंवा एका शब्दाचे दोन तुकडे झाले, तरच आपल्याला त्या जागेचे महत्त्व जाणवते. देवनागरी अक्षरांना छापील पानावर योग्य जागा मिळवून देण्यासाठी एकोणिसाव्या शतकात मुंबईतील एका माणसाने आपले आयुष्य वेचले. त्यांचे नाव जावजी दादाजी चौधरी. त्यांच्या जीवनाचा आणि कार्याचा परिचय या पाठात करून घेऊ.

पाठ

जावजी दादाजी यांचा जन्म १८३९ मध्ये मुंबईत एका गरीब कुटुंबात झाला. घरची परिस्थिती अशी होती की, ज्या वयात मुलांनी पाटी-पेन्सिल घेऊन शाळेत जावे, त्या वयात त्यांना कामधंदा शोधावा लागला. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास ते मुंबईतील अमेरिकन मिशनच्या छापखान्यात नोकरीला लागले. त्यांचे काम होते टाइप घासण्याचे आणि पगार होता महिना दोन रुपये.

टाइप घासणे म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे. त्या काळी एकेक अक्षर धातूच्या एकेका खिळ्यावर असे. प्रथम पोलादी दांडीच्या टोकाला अक्षर उलटे कोरीत. ती दांडी तांब्याच्या तुकड्यावर ठोकून अक्षराचा साचा तयार करीत. त्या साच्यात शिसे, कथील आणि अँटिमनी यांचा वितळलेला मिश्रधातू ओतला की खिळा तयार होई. ओतलेल्या खिळ्याच्या कडांना धातूचे बारीक कंगोरे राहत. ते घासून खिळा सर्व बाजूंनी साफ करावा लागे. काम कंटाळवाणे आणि वरवर पाहता बिनमहत्त्वाचे होते, पण अक्षरांमधील अंतर याच घासण्यावर अवलंबून असे. कंगोरा राहिला तर दोन खिळे एकमेकांना नीट भिडत नसत. खिळा जास्त घासला गेला तर अक्षर शेजारच्या अक्षराला खेटून बसे.

देवनागरीच्या बाबतीत ही अडचण अधिक होती. रोमन लिपीतील अक्षरे सुटी उभी राहतात. देवनागरीत मात्र शब्दावरून एक सलग शिरोरेषा जाते. दोन खिळ्यांमध्ये केसाएवढी फट राहिली तरी ती रेषा तुटलेली दिसते. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, उकार, रफार आणि अनुस्वार ही चिन्हे अक्षराच्या मागे, पुढे, वर आणि खाली येतात. त्यांच्यासाठी वेगळे खिळे केले तर ते नेमक्या ठिकाणी बसवण्याचे कौशल्य जुळाऱ्याकडे असावे लागे. चिन्हाचा भाग खिळ्याच्या कडेबाहेर काढला तर तो नाजूक भाग दाबाखाली मोडण्याची भीती असे. जोडाक्षरांचा प्रश्न आणखी निराळा होता. त्यामुळे देवनागरीच्या एका संचासाठी शेकडो प्रकारचे खिळे लागत.

देवनागरी छपाईचे प्रयत्न जावजींच्या आधीही झाले होते. बंगालमधील श्रीरामपूर येथून विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये प्रसिद्ध झाले, ते देवनागरी खिळ्यांच्या साहाय्याने. त्याच सुमारास तमिळ प्रदेशातील तंजावर येथे विद्याप्रेमी मराठी राजे सरफोजी यांनी आपल्या राजवाड्यात देवनागरी छापखाना सुरू केला. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग छापले. शिळाछापात हाताने लिहिलेली अक्षरेच दगडावरून कागदावर उतरत. त्यामुळे ती वळणदार दिसत. त्यांच्या तुलनेत आरंभीचे खिळाछाप पान ओबडधोबड वाटे. खिळ्यांच्या अक्षराला सुंदर हस्ताक्षराची सर आणायची कशी, हा त्या काळातील मुद्रकांपुढचा खरा प्रश्न होता.

अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम हे देवनागरी खिळ्यांच्या सुधारणेत गुंतलेले होते. जावजींना शाळेत जे मिळाले नाही, ते या छापखान्यात मिळाले. हातातून हजारो खिळे जात असताना प्रत्येक अक्षराचा घाट आणि वळण त्यांच्या परिचयाचे झाले. पुढे त्यांनी टाइम्स ऑफ इंडिया, इंदुप्रकाश आणि ओरिएंटल या छापखान्यांत कामे केली आणि टाइप ओतण्याच्या धंद्यातील बारकावे आत्मसात केले.

नोकरी स्थिर असताना ती सोडणे गरीब माणसाला सोपे नसते. तरीही १८६४ मध्ये जावजींनी स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना सुरू केला. या कामात त्यांना राणोजी रावजी आरू या कुशल कारागिराची साथ लाभली. राणोजींनी अक्षरे कोरावीत आणि जावजींनी ती ओतून, पारखून बाजारात आणावीत, अशी ही जोडी होती. लहान-मोठ्या अनेक आकारांत त्यांनी देवनागरी अक्षरे सिद्ध केली. त्यांतील जाड-बारीक रेषांचा तोल, अक्षराची गोलाई आणि शब्दावरून जाणारी सलग शिरोरेषा यांमुळे ती वाचकांच्या डोळ्यांना सुखावू लागली.

१८६९ मध्ये जावजींनी निर्णयसागर छापखाना स्थापन केला. आता अक्षर तयार करण्यापासून पुस्तक छापण्यापर्यंतचे सर्व काम एकाच छताखाली होऊ लागले. विनायक कोंडदेव ओक यांचे बालबोध हे मुलांचे मासिक १८८१ पासून निघू लागले, ते याच छापखान्यातून. वामन दाजी ओक यांनी संपादिलेल्या काव्यसंग्रह या मालेतून जुन्या मराठी कवींची कविता छापील रूपात वाचकांच्या हाती आली.

निर्णयसागरचे मोठे कार्य संस्कृत ग्रंथांच्या क्षेत्रात झाले. १८८६ मध्ये काव्यमाला ही ग्रंथमाला सुरू झाली. पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब हे तिचे संपादक होते. हस्तलिखितांत बंदिस्त असलेली अनेक काव्ये आणि नाटके या मालेने प्रकाशात आणली. संस्कृत मजकुरात जोडाक्षरे पावलोपावली येतात, मूळ श्लोक मोठ्या अक्षरात आणि टीका लहान अक्षरात द्यावी लागते. एका मात्रेची चूक झाली तर अर्थ पालटतो. अशी कठीण जुळणी निर्णयसागरने इतकी शुद्ध आणि सुबक केली की, त्याच्या आवृत्त्यांना देशात आणि परदेशांतही विद्वानांची मान्यता मिळाली.

येथे एक गोष्ट मनात भरते. जावजींना स्वतःला विद्येचा लाभ झाला नव्हता. शास्त्री-पंडितांच्या पंक्तीला बसण्याचा अधिकार त्या काळच्या समाजाने त्यांच्यासारख्या कष्टकऱ्याला दिला नसता. तरीही काशीपासून रामेश्वरापर्यंतच्या पाठशाळांत जे ग्रंथ उघडले गेले, त्यांतील कितीतरी ग्रंथांची अक्षरे याच माणसाच्या कारखान्यात ओतलेली होती. ५ एप्रिल १८९२ रोजी जावजींचे निधन झाले. त्यांच्यामागे त्यांचे चिरंजीव तुकाराम जावजी यांनी निर्णयसागरचा लौकिक टिकवला.

आज खिळ्यांची जुळणी मागे पडली आहे. चेन्नईसारख्या शहरात जगभरातील वैज्ञानिक नियतकालिकांची अक्षरजुळणी संगणकावर होते. गणितातील घातांक, वर-खाली बसणारी चिन्हे आणि उजवीकडे कललेली तिरपी अक्षरे यांच्यामधील अंतर तेथे संगणक मोजतो. तिरप्या अक्षराचे टोक शेजारच्या कंसावर आदळू नये म्हणून किंचित जागा वाढवावी लागते. दोन अक्षरांत उगाच पोकळी दिसली तर ती कमी करावी लागते. साधन बदलले, पण प्रश्न जावजींच्या काळचाच आहे आणि शेवटी निर्णय डोळ्यालाच घ्यावा लागतो. वेलचेरीत राहणारा एखादा मराठी विद्यार्थी जेव्हा आपल्या भ्रमणध्वनीवर मातृभाषेत चार ओळी लिहितो आणि त्या नीट जुळून उमटतात, तेव्हा त्यामागे अशा अनेक कारागिरांची परंपरा उभी असते.

चांगल्या मुद्रकाचे काम वाचकाला दिसत नाही, त्याला फक्त सुखाने वाचता येते. महिना दोन रुपयांवर खिळे घासणाऱ्या मुलाने हे सुख हजारो वाचकांना मिळवून दिले. कोणतेही काम हलके नसते. ते करताना आपण किती शिकतो, यावर त्याचे मोल ठरते, हेच जावजी दादाजींचे जीवन आपल्याला सांगते.

स्वाध्याय

१. टाइप घासण्याच्या कामाचा आणि अक्षरांमधील अंतराचा संबंध स्पष्ट करा.

२. देवनागरी लिपीचे खिळे तयार करताना कोणत्या अडचणी येत, ते लिहा.

३. काव्यमाला या ग्रंथमालेचे महत्त्व चार-पाच वाक्यांत सांगा.

४. आपल्या परिसरातील एखाद्या कुशल कारागिराला भेटा आणि त्याच्या कामातील सहसा न दिसणाऱ्या कौशल्याविषयी दहा ओळी लिहा.