चवदार तळ्यापासून लोणेऱ्यापर्यंत



डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटलं की आमच्या सवच्या मुलांना महाडचं चवदार तळं आठवतं. २० मार्च १९२७ ही तारीख तोंडपाठ असते. पुढचं मात्र आपण कमीच सांगतो.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूचा. मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्ती नसेल तर हुशारी घरातच राहते, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. १९४२ साली ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. युद्धाच्या कारखान्यांसाठी कारागीर तयार करण्याची तंत्रशिक्षण योजना त्यांच्याच खात्याकडे होती. त्याच वर्षी त्यांनी सरकारला निवेदन दिलं. स्वतः बॅरिस्टर असूनही त्यांचं म्हणणं असं, की कला आणि कायद्याच्या पदव्यांनी दलित मुलांचं फारसं भागणार नाही. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी सरकारने पैसा द्यावा. कारण हे शिक्षण महाग. प्रयोगशाळा, यंत्रं, वर्षानुवर्षांची फी... गरीब बापाला कुठून झेपणार? ही अडचण आजही आहेच, बरं का!

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. १९८९ साली महामार्गावर लोणेऱ्याला त्यांच्या नावाचं तंत्रशास्त्र विद्यापीठ झालं. यंदा तळं दाखवून झालं की सहलीची एसटी तशीच लोणेऱ्याला न्यायचं आम्ही ठरवलंय.