थोरल्या मुलाची अट

लग्नाची बोलणी तुम्ही घरात ऐकली असतील. वडीलधारी मंडळी बैठकीला बसतात. मेहर किती, खर्च कोणी करायचा, कोणी काय द्यायचे, हे सारे तिथे ठरते. मुलांना मात्र तिथे फारसे कोणी बसू देत नाही. तीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये एका मुलीच्या लग्नाची बोलणी अशीच चालली होती. ती मोडली, आणि ज्या मुलावरून मोडली, तो मुलगा तेव्हा जन्मालाही आला नव्हता! ही गोष्ट आहे लेडी मेरी वर्टली माँटेग्यू यांची.

मेरीचा जन्म १६८९ साली लंडनमध्ये झाला. इंग्लंडच्या सरदारांमध्ये पाच पायऱ्या आहेत. सर्वांत वर ड्यूक. त्याच्याखाली मार्क्विस, मग अर्ल, मग व्हायकाउंट आणि शेवटी बॅरन. मेरीचे वडील एव्हलिन पियरपाँट या पायऱ्या एकेक करून चढले. १६९० मध्ये ते किंग्स्टनचे अर्ल झाले, १७०६ मध्ये मार्क्विस झाले आणि १७१५ मध्ये ड्यूक. अर्लच्या मुलीला जन्मभर 'लेडी' म्हणतात. म्हणून धड चालताही न येणारी मेरी 'लेडी मेरी' झाली.

ती चार वर्षांची होण्याआधीच आई वारली. आजीने काही वर्षे सांभाळ केला. १६९८ मध्ये आजीही गेली. मेरीला दोन भावंडे बहीण-भाऊ म्हणून जवळची होती, धाकटी बहीण फ्रान्सिस आणि धाकटा भाऊ विल्यम. नॉटिंगहॅमशायरमध्ये थोर्सबी येथे वडिलांचा मोठा वाडा होता. त्या वाड्यातल्या ग्रंथालयात मेरी तासन् तास बसे. मुलींना लॅटिन शिकवण्याची तेव्हा रीत नव्हती. मेरीने शब्दकोश आणि व्याकरणाचे पुस्तक घेऊन ती भाषा गुपचूप शिकून घेतली. ती कादंबऱ्या वाचत बसली आहे, असे घरातल्यांना वाटे.

आता त्या घराण्यांची एक पद्धत समजून घेऊ, म्हणजे पुढची गोष्ट कळेल. मुसलमान घरात वडिलांच्या पश्चात मुलगे, मुली, विधवा अशा सर्वांचे हिस्से ठरलेले असतात, हे तुम्हांला माहीत आहे. इंग्लंडच्या सरदारांत तसे नव्हते. पदवी थोरल्या मुलाला मिळे. जमीनजुमलाही बहुधा त्यालाच मिळे. जमिनीचे तुकडे झाले तर घराण्याचा मान कमी होईल, अशी त्यांना भीती वाटे. म्हणून लग्नाच्या वेळीच एक करारनामा होई. मुलीचा बाप हुंड्याची रक्कम देई. नवरा वारला तर विधवेला दरवर्षी किती पैसे मिळतील, हे मुलाकडचे लोक लिहून देत. आणि जमीन पुढे होणाऱ्या थोरल्या मुलाच्या नावाने बांधून ठेवत. एकदा ती बांधली, की बापालाही ती विकता येत नसे किंवा दुसऱ्या कोणाला देता येत नसे. तो मुलगा पुढे शहाणा निघो की वेडा, याचा विचार करारनाम्यात नव्हता.

मेरीची ॲन वर्टली नावाची एक मैत्रीण होती. तिचा भाऊ एडवर्ड वर्टली माँटेग्यू. या लांबलचक नावातही एका लग्नाचा इतिहास आहे. एडवर्डचे आजोबा माँटेग्यू घराण्यातले, सँडविचचे पहिले अर्ल. त्यांच्या एका धाकट्या मुलाने वर्टली घराण्याच्या वारस मुलीशी लग्न केले. तिची जमीन मिळाली, तेव्हा त्याने तिचे आडनावही आपल्या नावाला जोडले. लग्नानंतर मुलीने आडनाव बदलायचे ही रीत तिथेही होती; पण मुलीमागे जमीन असली की मुलगेही खुशाल आडनाव बदलत!

एडवर्ड विद्वान होता, पार्लमेंटचा सभासद होता आणि पैशाच्या बाबतीत फार काटेकोर होता. ॲन लवकरच वारली, पण मेरी आणि एडवर्ड यांचा पत्रव्यवहार चालू राहिला. १७१० मध्ये एडवर्डने मेरीला मागणी घातली. वडिलांनी अट सांगितली : सारी जमीन होणाऱ्या थोरल्या मुलाच्या नावाने बांधून द्या. एडवर्डने साफ नकार दिला. जो मुलगा अजून जन्मला नाही, तो कसा निघेल हे कोणाला ठाऊक? नालायक निघाला तर? वडीलही हट्टाला पेटले. आपला नातू भिकारी व्हायला नको, असे त्यांचे म्हणणे. 'टॅटलर' नावाच्या नियतकालिकात त्याच वर्षी अशा करारनाम्यांवर टीका करणारा लेख आला. त्यामागचे मुद्दे एडवर्डनेच पुरवले होते.

दोन्ही बाजूंचे बोलणे ऐकले तर दोघेही आपापल्या परीने बरोबर वाटतात. फक्त मेरीला काय हवे, हे त्या बैठकीत कोणी विचारले नाही.

दोन वर्षे अशीच गेली. १७१२ मध्ये वडिलांनी दुसरे स्थळ पक्के केले. मुलाचे नाव क्लॉटवर्दी स्केफिंग्टन. तो आयर्लंडमधल्या एका व्हायकाउंटचा वारस होता. त्याच्याकडच्यांना सगळ्या अटी मान्य होत्या. लग्नाचे कपडेही शिवायला टाकले. मेरीने वडिलांना विनवले, की मला हे लग्न नको; हवे तर मी जन्मभर अविवाहित राहीन. वडिलांनी ऐकले नाही. त्यांनी तिला खेड्यातल्या घरी पाठवायचे ठरवले.

मेरीने एडवर्डला पुन्हा पत्र लिहिले. पळून आले तर वडील मला एक पैही देणार नाहीत, अंगावरच्या कपड्यांनिशी येईन, हे चालेल का ते आधी नीट ठरवा, असे तिने स्पष्ट कळवले. ऑगस्ट १७१२ मध्ये तिने घर सोडले आणि दोघांचे लग्न झाले. मेरी तेव्हा २३ वर्षांची होती. हुंडा मिळाला नाही. करारनामाही झाला नाही. म्हणजे जमीन कोणाच्याच नावाने बांधली गेली नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा.

१७१३ च्या मे महिन्यात मुलगा झाला. बैठकीत ज्याच्यावरून एवढा वाद झाला होता, तो हा थोरला मुलगा! त्याचे नाव वडिलांचेच, एडवर्ड. दोनच महिन्यांनी मेरीचा भाऊ विल्यम देवीच्या रोगाने वारला. तो फक्त वीस वर्षांचा होता. देवी म्हणजे चेचक. त्या काळी देवीने गरीब-श्रीमंत असा भेद ठेवला नव्हता. १७१५ च्या डिसेंबरात खुद्द लेडी मेरींना देवी आल्या. त्या वाचल्या, पण चेहऱ्यावर व्रण राहिले आणि पापण्यांचे केस कायमचे गेले. ज्यांच्या रूपाची लंडनमध्ये चर्चा होई, त्यांना हे सोसणे किती कठीण गेले असेल!

१७१६ मध्ये एडवर्ड यांची उस्मानी सल्तनतीत इंग्लंडचे राजदूत म्हणून नेमणूक झाली. अशा लांबच्या प्रवासाला बायका सहसा जात नसत. लेडी मेरी लहान मुलाला घेऊन निघाल्या. व्हिएन्नामार्गे ते बेलग्रेडला पोहोचले. तिथे अहमद बेग नावाच्या एका विद्वान गृहस्थांच्या घरी त्यांचा मुक्काम होता. अहमद बेग त्यांना अरबी कविता समजावून सांगत. पुढे एदिर्ने आणि इस्तंबूल येथे राहताना लेडी मेरी तुर्की शिकल्या, तुर्की पोशाख घालू लागल्या आणि तिथल्या बायकांच्या घरी जाऊ लागल्या. युरोपातल्या पुरुष प्रवाशांना ही घरे आतून कधी दिसली नव्हती. तरी त्यांनी त्यांची वर्णने बिनदिक्कत छापली होती. लेडी मेरींनी आपल्या पत्रांतून त्यांच्या चुका दाखवल्या.

एक गोष्ट त्यांना फार विशेष वाटली. तुर्की स्त्रीचा पैसा लग्नानंतरही तिच्याच हातात राहत असे. तलाक झाला तरी तो ती बरोबर नेई. तुम्हांला यात नवल वाटणार नाही. पण इंग्लंडच्या कायद्याने लग्न होताच बायकोची रोकड आणि दागिने नवऱ्याचे होत. करारनाम्यात वेगळे काही लिहिले असेल तरच तिला आधार. आणि लेडी मेरींचा तर करारनामाच झाला नव्हता. इंग्लंडमधल्या विवाहित स्त्रियांना आपली मालमत्ता स्वतःच्या नावाने ठेवण्याचा पूर्ण हक्क १८८२ च्या कायद्याने मिळाला.

तिथेच त्यांनी देवी टोचण्याची रीत पाहिली. उन्हाळा सरला की म्हाताऱ्या बायका अक्रोडाच्या कवचात देवीच्या फोडातला द्रव घेऊन घरोघर येत. सुईने कातडीवर ओरखडा काढून त्यात तो थोडासा भरत. आठवडाभराने मुलाला ताप येई, दोन-तीन दिवस ते अंथरुणावर पडे आणि मग खेळायला लागे. त्याला पुन्हा देवी येत नसत. लेडी मेरींना आपला भाऊ आठवला असेल. १७१८ च्या मार्च महिन्यात त्यांनी इस्तंबूलमध्ये आपल्या मुलाला देवी टोचून घेतल्या. त्याच वर्षी जानेवारीत त्यांना मुलगी झाली होती. तिचे नावही मेरीच ठेवले.

त्या वर्षी कुटुंब इंग्लंडला परत आले. १७२१ मध्ये लंडनमध्ये देवीची साथ आली, तेव्हा लेडी मेरींनी तीन वर्षांच्या मुलीला डॉक्टरांसमोर देवी टोचायला लावल्या. पुष्कळ डॉक्टर आणि पाद्री चिडले. पण राजघराण्यातल्या सूनबाई कॅरोलाइन यांना ते पटले. १७२२ मध्ये त्यांच्या दोन मुलींनाही देवी टोचल्या. या पद्धतीत थोडा धोका होता. काही माणसे दगावलीही. जेनरची गाईच्या देवीची सुरक्षित लस १७९६ मध्ये आली. ती लस बगदाद आणि बसरामार्गे मुंबईला पोहोचली आणि १४ जून १८०२ रोजी भारतात पहिल्यांदा तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉल या मुलीला टोचली गेली.

आता परत त्या अटीकडे येऊ.

थोरला मुलगा एडवर्ड बुद्धिमान होता, पण फार बेबंद. शाळेतून तो पुन्हा पुन्हा पळाला. एकदा त्याला शोधण्यासाठी वर्तमानपत्रात जाहिरात दिली. तिच्यात ओळखीची खूण म्हणून दोन्ही हातांवरचे देवी टोचल्याचे व्रण सांगितले होते! एकदा तर तो जहाजावर चढून पोर्तुगालला गेला. १७३० मध्ये त्याने कोणाला न विचारता लग्न केले आणि लगेच बायकोला सोडून दिले. त्याने कर्जे केली. ती फेडता फेडता आईवडील थकले. अरबी आणि तुर्की मात्र तो उत्तम शिकला. पुढे तो पूर्वेकडच्या देशांत हिंडला आणि तुर्की पोशाखात राहू लागला.

मुलगी मेरी शांत स्वभावाची होती. तिला जॉन स्टुअर्ट हा स्कॉटलंडचा तरुण आवडला. तो ब्यूटचा अर्ल होता, पण पैसा बेताचा. आईवडिलांना हे स्थळ पसंत नव्हते. ज्यांनी स्वतः वडिलांचे न ऐकता लग्न केले, त्यांनीच मुलीला विरोध करावा, हे वाचून तुम्हांला हसू येईल. पण आईबाप झाल्यावर माणसे बदलतात. शेवटी लेडी मेरींनी मुलीला अडवले नाही. १७३६ मध्ये ते लग्न झाले आणि सुखाचे झाले.

लेडी मेरी आणि एडवर्ड यांचा संसार मात्र थंडच राहिला. १७३९ मध्ये लेडी मेरी एकट्याच युरोपात गेल्या आणि वीसहून अधिक वर्षे फ्रान्स आणि इटलीत राहिल्या. तिथून त्या मुलीला पत्रे लिहीत. नातींना भरपूर शिकवा, असा त्यांचा आग्रह असे.

जानेवारी १७६१ मध्ये एडवर्ड वारले. उत्तर इंग्लंडमधल्या कोळशाच्या खाणींमुळे ते देशातल्या अतिश्रीमंतांपैकी एक झाले होते. मृत्युपत्र उघडले. थोरल्या मुलाला वर्षाला ठरावीक रक्कम ठेवली होती. बाकीची प्रचंड मालमत्ता मुलीला! पन्नास वर्षांपूर्वी त्या अटीवर सही झाली असती, तर हे करणे त्यांना शक्यच झाले नसते. पुढच्याच वर्षी जावई इंग्लंडचा पंतप्रधान झाला. लेडी मेरी १७६२ च्या आरंभी लंडनला परतल्या आणि २१ ऑगस्टला वारल्या. तुर्कस्तानातली त्यांची पत्रे पुढच्या वर्षी छापली गेली.

आणि वडिलांचे घराणे? विल्यमचा मुलगा आजोबांच्या मागे किंग्स्टनचा दुसरा ड्यूक झाला. त्याला मूल नव्हते. १७७३ मध्ये तो वारला आणि ड्यूकची पदवी संपली. थोर्सबीची जमीन अखेर त्याच्या बहिणीच्या मुलाकडे गेली. या बहिणीनेही आत्यासारखेच, १७३४ मध्ये, पळून जाऊन लग्न केले होते. तिच्या मुलाने वडिलांचे आडनाव सोडून आईकडचे पियरपाँट हे आडनाव घेतले.

वर्टलीची जमीन लेडी मेरींच्या मुलीनंतर तिच्या धाकट्या मुलाला मिळाली. त्यानेही वर्टली हे आडनाव जोडून घेतले. त्याचा मुलगा लॉर्ड व्हार्नक्लिफ याने १८३७ मध्ये लेडी मेरींचे लेखन छापले. त्यांची रोजनिशी मात्र त्यात नव्हती. मुलीने ती आपल्या मृत्यूपूर्वी जाळून टाकली होती. पण त्याआधी तिने आपल्या एका मुलीला, लुइझाला, तिचे काही भाग स्वतःसमोर बसवून वाचू दिले होते. तीच लुइझा ऐंशीच्या घरात असताना त्या पुस्तकासाठी आजीच्या आठवणी लिहायला बसली.