विश्लेषण : काडेपेट्या विकणाऱ्या मुलाच्या पैशातून माथेरानची ‘खेळण्यातली गाडी’ कशी उभी राहिली?

नेरळच्या फलाटावरून सुटणाऱ्या छोट्या गाडीला सारे जण ‘टॉय ट्रेन’ म्हणतात. नाव खेळण्याचे असले तरी हा उद्योग खेळ नव्हता. सरकारी हमीची वाट न पाहता मुंबईतील एका व्यापारी कुटुंबाने १६ लाख रुपये घालून डोंगरावर रेल्वे चढवली. पैसा वडिलांचा, मेहनत मुलाची. हे वडील म्हणजे सर आदमजी पीरभॉय. त्यांचा जीवनप्रवास आणि ही गाडी इतकी लहान का ठेवावी लागली, याचा हा आढावा. घरी ठोकळ्यांची रेल्वे जोडणाऱ्या हौशी मंडळींनाही त्यात कामाचे काही सापडेल.

आदमजी पीरभॉय कोण होते?

आदमजींचा जन्म १८४० च्या दशकाच्या मध्यावर काठियावाडातील गोंडल संस्थानात, धोराजी येथे एका गरीब दाऊदी बोहरा कुटुंबात झाला. पोटापाण्यासाठी ते मुंबईत आले आणि कोवळ्या वयात रस्त्यावर काडेपेट्या विकू लागले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. नशीब पालटले ते तंबूंमुळे. ब्रिटिश लष्कराला तंबू पुरवण्याची कंत्राटे त्यांना मिळाली आणि त्यातून कापड व चामड्याच्या धंद्यांचा विस्तार झाला. काही दशकांतच मुंबईच्या बड्या उद्योजकांत त्यांचे नाव घेतले जाऊ लागले.

१८९७ मध्ये ते मुंबईचे शेरीफ झाले. शहर तेव्हा प्लेगच्या विळख्यात होते. मिळवलेल्या पैशाचा मोठा वाटा त्यांनी दानधर्माकडे वळवला. चर्नी रोड येथील त्यांच्या नावाचे सॅनिटोरियम हे त्याचे ठळक उदाहरण. हवापालटासाठी माणसाला जागा हवी, हे त्यांना पटलेले होते. मुंबईच्या सर्वांत जवळचे थंड हवेचे ठिकाण होते माथेरान.

माथेरानला तेव्हा कसे जात?

ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये माथेरानचे पठार इंग्रजांच्या नकाशावर आणले. त्यानंतर रेल्वे डोंगराच्या पायथ्याशी पोहोचायला फार वेळ लागला नाही. मुंबई-ठाणे गाडी १८५३ मध्ये धावली आणि १८५६ मध्ये कल्याणहून नेरळमार्गे खोपोलीपर्यंत रूळ आले. आजच्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांत आगगाडी प्रथम दिसली ती या मार्गाने.

पुढे घाट आडवा आला. खोपोलीला उतरलेले प्रवासी पालखीतून, घोड्यावरून किंवा पायी खंडाळ्याला चढत आणि तेथून पुण्याची गाडी धरत. १८६३ मध्ये पळसदरी ते खंडाळा हा बोरघाटाचा मार्ग खुला झाला आणि त्यांची ही पायपीट संपली. हा प्रचंड खर्च ‘जीआयपी’ रेल्वे कंपनीने केला, पण कंपनीच्या भांडवलावर पाच टक्के परताव्याची सरकारी हमी होती.

नेरळच्या प्रवाशाला मात्र असे काही मिळाले नाही. सुमारे ४० मीटर उंचीवरचे नेरळ आणि जवळपास ८०० मीटरवरचे माथेरान यांच्यामधली चढण पुढची चार दशके पालखी, घोडा, हातरिक्षा किंवा स्वतःचे पाय यांच्याच भरवशावर राहिली.

गाडीची कल्पना कशी सुचली?

१९०० च्या सुमाराची एक गोष्ट माथेरानमध्ये आजही सांगतात. आदमजी माथेरानला जाण्यासाठी नेरळला उतरले, पण त्या दिवशी ना घोडा मिळाला, ना पालखी. सगळी वाहने आधीच ठरलेली होती. पुन्हा येईन तो स्वतःच्या गाडीने, असे ठरवून ते मुंबईला परतले, असे म्हणतात. गोष्टीत पदरचे किती मिसळले असेल ते असो, त्यानंतर काम सुरू झाले हे खरे.

त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी जबाबदारी अंगावर घेतली. १९०० मध्ये आराखडे झाले, १९०४ मध्ये प्रत्यक्ष बांधकामाला हात लागला आणि १९०७ मध्ये गाडी धावू लागली. एकूण खर्च आला १६ लाख रुपये. पर्यटनाचा हंगाम वर्षातून मोजके महिने आणि पावसाळ्यात कोसळणाऱ्या दरडी, असा हा धंदा. तोट्याची शक्यता उघड होती आणि तो झाला असता तर घरच्याच तिजोरीतून भरावा लागला असता.

रूळ इतके अरुंद का?

नेरळला मुख्य मार्गाचे रूळ १,६७६ मिलिमीटर अंतरावर आहेत. माथेरानच्या गाडीचे रूळ अवघ्या ६१० मिलिमीटरवर, म्हणजे दोन फुटांवर. हा काही कंजूषपणा नव्हता. रुळांमधले अंतर जितके कमी, तितके आखूड वळण गाडीला घेता येते. वळण आखूड असले की डोंगर कमी फोडावा लागतो, बोगदे टळतात, पूल लहान होतात. सुमारे २१ किलोमीटरच्या या मार्गावर दोनशेहून अधिक वळणे आहेत, पण बोगदा फक्त एक.

प्रकल्पाचे सल्लागार अभियंता होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी लाइट रेल्वे त्यांचीच. अरुंद रुळांवर स्वस्तात आणि भरवशाची रेल्वे कशी चालवावी, हा त्यांचा अभ्यासाचा विषय होता.

त्यांच्यापुढे बोरघाटाचा धडाही होता. तेथे डोंगराच्या धारेवर गाडीला वळायला जागा नव्हती, म्हणून इंजिन एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला लावण्यासाठी खास स्थानक बांधावे लागले होते. माथेरानच्या वाटेवर हा खोळंबा टाळण्यात आला. डोंगराच्या अंगाने घोड्याच्या नालेच्या आकाराचा मोठा भराव घातला गेला आणि इंजिन न सोडता गाडी वळून वर जाऊ लागली. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी स्थानके घेत ती माथेरानच्या बाजारात पोहोचते.

इंजिने कोठून आणली?

वळणाइतकाच कठीण प्रश्न चढाचा होता. बोरघाटात सर्वांत तीव्र चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. तेवढ्यासाठीही कर्जतला गाड्यांना मागून जादा इंजिने लावतात. माथेरानच्या मार्गावर चढ २० ला १ आहे, म्हणजे जवळपास दुप्पट तीव्र.

चढावर जोर हवा तर इंजिनाची जास्तीत जास्त चाके एकमेकांशी दांड्याने जोडलेली हवीत. पण अशी तीन जोड्यांची ताठ चाके आखूड वळणावर अडकतात. पीरभॉय कुटुंबाने यावर तोडगा असलेली इंजिने जर्मनीहून विकत घेतली. ‘ओरेनस्टाइन अँड कोपेल’ कंपनीच्या या चार इंजिनांना क्लीन-लिंडनर पद्धतीचे आस होते. त्यात पुढच्या व मागच्या चाकांचा आस पोकळ असतो आणि त्याच्या आत दुसरा भक्कम आस फिरतो. जोर आतल्या आसातून मिळतो आणि बाहेरचा आस चाकांसह वळणाप्रमाणे थोडा तिरपा होतो. जोर आणि लवचीकपणा दोन्ही साधले जातात. वाफेच्या या इंजिनांनी सात दशकांहून अधिक काळ हा डोंगर चढला. १९५० च्या दशकात डिझेल इंजिने आली आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वाफ थांबली. ७४० क्रमांकाचे इंजिन पुढे ब्रिटनमधील रेल्वेप्रेमींकडे गेले.

घरच्या ठोकळ्यांच्या गाडीला हेच गणित लागू होते का?

होते, आणि ते टेबलावर करून पाहता येते. लेगोच्या एका सरळ रुळाची लांबी १२८ मिलिमीटर असते, तर पातळ ठोकळ्याची जाडी ३.२ मिलिमीटर. प्रत्येक रुळामागे एक पातळ ठोकळा वाढवत गेलात तर चढ ४० ला १ होतो, म्हणजे जवळजवळ बोरघाट. दोन ठोकळे वाढवलेत तर २० ला १, म्हणजे थेट माथेरान. पहिल्या चढावर सहज जाणारी गाडी दुसऱ्यावर चाके नुसती गरगर फिरवू लागली, तर डबे कमी करावेत आणि वजन मोटरच्या चाकांवर आणावे. कॅलथ्रॉप यांच्यापुढचा पेच यातून लगेच उमगतो.

वळणाचेही तसेच. नेहमीच्या वळणाच्या १६ तुकड्यांचा एक गोल होतो आणि त्याची त्रिज्या ३२ सेंटिमीटर भरते. रुळांची रुंदी धरून सुमारे पाऊण मीटर बाजूचे टेबल लागते. लांब इंजिन बनवायचे तर मधली चाके बिनकडेची घ्यावीत, नाहीतर ते वळणावर रुळावरून उतरते.

खरेदी करताना आधी वीज कोठून येणार ते पाहावे. लेगोची पहिली विजेवरची गाडी १९६६ मध्ये ४.५ व्होल्टच्या बॅटरीवर आली. १९९१ पासूनच्या ९ व्होल्टच्या संचांत धातूच्या रुळातून वीज येत असे. हे संच आता जुन्या बाजारातच मिळतात. परदेशातून आणलेला जुना ट्रान्सफॉर्मर ११० ते १२० व्होल्टचा असेल, तर तो आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये थेट लावू नये. रुळावरचा धातू काळवंडलेला नाही ना, तेही तपासावे. २०१८ पासूनच्या संचांत गाडीतच सहा छोटे सेल असतात आणि वेग मोबाइलवरून ब्लूटूथने बदलता येतो. पुन्हा चार्ज होणारे सेल वापरल्यास प्रत्येकी १.२ व्होल्ट मिळून ७.२ व्होल्टच होतात. साध्या सेलचे ९ होतात. त्यामुळे चढावर गाडी थोडी मंदावते. तो बिघाड समजू नये.

आदमजींचे पुढे काय झाले?

१९०७ हे साल त्यांच्या आयुष्यातील मानाचे ठरले. माथेरानची गाडी सुरू झाली, ब्रिटिश सरकारने त्यांना ‘सर’ हा किताब दिला आणि डिसेंबरमध्ये कराचीत भरलेल्या मुस्लीम लीगच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट १९१३ मध्ये त्यांचे निधन झाले. गिरण्या आणि कंत्राटे काळाच्या ओघात मागे पडली. कारखानदार म्हणून त्यांना ओळखणारे आज थोडे आहेत, पण नेरळच्या गाडीचा विषय निघाला की पीरभॉय हे नाव येतेच.

आज गाडीची स्थिती काय?

आता हा मार्ग मध्य रेल्वेकडे आहे आणि डोंगर त्याची परीक्षा घेतच असतो. जुलै २००५ च्या महापुरात रूळ वाहून गेले. दुरुस्ती होऊन शताब्दीच्या तोंडावर, २००७ मध्ये गाडी पुन्हा धावली. मे २०१६ मध्ये लागोपाठ दोनदा डबे घसरल्याने सेवा थांबली आणि पूर्ण मार्ग २०१८ च्या जानेवारीत सुरू झाला. २०१९ च्या पावसाने पुन्हा मार्ग उखडला, तो ऑक्टोबर २०२२ मध्ये खुला झाला. दर पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते. अमन लॉज ते माथेरान ही छोटी फेरी तेवढी चालू राहते.

दर वेळी इतकी डागडुजी कशासाठी, असा प्रश्न पडू शकतो. त्याचे उत्तर दस्तुरी नाक्यावर मिळते. माथेरान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे आणि पर्यटकांच्या मोटारी त्या नाक्यापुढे जात नाहीत. तेथून बाजार अडीच-तीन किलोमीटर. ज्येष्ठ, आजारी माणसे आणि सामानसुमान घेऊन येणारी कुटुंबे यांना गाडीचा आधार लागतो. पूर्वी गाडी बंद पडली की उरत घोडे, हातगाड्या आणि पायवाट. आदमजी नेरळला अडकले तेव्हा हेच पर्याय होते आणि त्या दिवशी त्यांना त्यातलाही एक मिळाला नव्हता.