डॉक्टरकी सुटली, पण वाघ-गेंड्यांनी नाव केलं! कोलकात्याच्या राम ब्रह्म सान्याल यांची गोष्ट

प्राणीसंग्रहालयात नोकरी म्हटलं की पिंजरे झाडायचे आणि वाघाला मटण टाकायचं, असंच बऱ्याच जणांना वाटतं. पण याच कामातून एक माणूस थेट लंडनच्या शास्त्रज्ञांपर्यंत पोचला. तेही दीडशे वर्षांपूर्वी, इंग्रजांच्या राज्यात आणि हातात पदवी नसताना. त्यांचं नाव राम ब्रह्म सान्याल.

सान्याल मूळचे बंगालमधल्या मुर्शिदाबाद जिल्ह्यातले. शिकायला कोलकात्याला आले आणि मेडिकल कॉलेजात दाखल झाले. डॉक्टर व्हायचं ठरलेलं होतं. पण शिक्षण निम्म्यावर असतानाच डोळे अधू व्हायला लागले. नजर साथ देईना, तेव्हा कॉलेज सोडावं लागलं. घरापासून लांब, शिक्षण अर्धवट आणि पुढं काय करायचं याचा पत्ता नाही, अशी वेळ आली.

मजुरांवर देखरेखीचं काम

त्याच सुमारास कोलकात्यात अलीपूरला प्राणीसंग्रहालय उभं राहत होतं. कार्ल श्वेंडलर हा जर्मन तार-अभियंता त्यासाठी खटपट करत होता. स्वतःकडची जनावरंही त्यानं देऊन टाकली. जागा मिळवून दिली ती बंगालचे तेव्हाचे लेफ्टनंट गव्हर्नर रिचर्ड टेम्पल यांनी. हेच टेम्पल पुढं १८७७ साली मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होऊन आपल्याकडं आले. १ जानेवारी १८७६ रोजी इंग्लंडच्या युवराजाच्या हस्ते अलीपूरच्या बागेचं उद्घाटन झालं.

जॉर्ज किंग हे मेडिकल कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवायचे आणि नव्या बागेच्या कारभारातही होते. आपल्या या जुन्या विद्यार्थ्याला त्यांनी तिथं चिकटवून दिलं. काम काय, तर मजुरांवर देखरेख. नोकरीही तात्पुरतीच. पण सान्याल मजुरांपुरते थांबले नाहीत. जनावरांकडं लक्ष द्यायला लागले आणि हळूहळू कमिटीचा त्यांच्यावर भरवसा बसला. काही वर्षांतच ते बागेचे सुपरिंटेंडंट, म्हणजे मुख्य अधीक्षक झाले. त्या काळात अशा जागी गोरा साहेबच बसायचा. इथं मात्र पहिला अधीक्षक बंगाली माणूस झाला.

रोजची वही

सान्याल यांची खरी कमाई म्हणजे त्यांच्या नोंदी. कोणत्या जनावरानं काय खाल्लं, काय टाकलं, कोण आजारी पडलं, कोणतं औषध लागू पडलं, माज कधी आला, पिल्लू कधी झालं, थंडीत कोण कुडकुडलं, हे सगळं ते लिहून ठेवायचे.

याची गरजही तशीच होती. प्राणी सांभाळण्याबद्दल युरोपात जे माहीत होतं, ते तिथल्या हवेतलं. कोलकात्याचा दमट उन्हाळा आणि चार महिन्यांचा पाऊस यात ते चालेलच असं नाही. दूध देणारी गाय परक्या हवेत नेली की तिचं खाणंपिणं कसं बदलतं, हे गोठा असणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. इथं तर देशोदेशीचे प्राणी एका आवारात होते. चुकलं की जनावर मरायचं आणि दुसरं आणायचं तर जहाजानं, बरेच पैसे मोजून.

गेंड्याचं पिल्लू

१८८९ साली अलीपूरला सुमात्रा जातीच्या गेंड्याच्या मादीला पिल्लू झालं. हा दोन शिंगांचा, अंगावर केस असलेला, गेंड्यांमधला सगळ्यात लहान गेंडा. माणसाच्या ताब्यात त्याची वीण होणं महाकठीण. त्यानंतर असं पुन्हा घडलं ते थेट २००१ साली, अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात. मधे ११२ वर्षं गेली. आज या जातीचे गेंडे जगात पन्नासच्या आत उरल्याचा अंदाज आहे. एकेका पिल्लासाठी आता देश धडपडतात, म्हणून अलीपूरच्या त्या जुन्या घटनेचं नाव अजून निघतं.

वहीचं झालं पुस्तक

वर्षानुवर्षांच्या या नोंदींतून १८९२ साली सान्याल यांचं इंग्रजी पुस्तक आलं. विषय होता बंगालच्या हवेत बंदिस्त प्राणी कसे सांभाळायचे. कोणाला काय खायला घालायचं, कशी जागा द्यायची, दुखलं-खुपलं तर काय करायचं, अशी थेट कामाची माहिती त्यात होती. लंडनच्या नामांकित विज्ञान साप्ताहिकानं त्याची दखल घेतली. पुढं बरीच वर्षं प्राणीसंग्रहालयं चालवणाऱ्यांना हे पुस्तक उपयोगी पडलं. लंडनच्या प्राणीशास्त्र संस्थेनंही त्यांना आपल्या सभासदांत जागा दिली. १८९८ साली ते युरोपातली प्राणीसंग्रहालयं पाहून आले. सरकारनं त्यांना रायबहादूर केलं.

अलीपूरची बाग बघायला स्वामी विवेकानंदही आले होते. सान्याल यांनी त्यांना स्वतः जनावरं फिरून दाखवली. जीवसृष्टी एकातून एक कशी घडत गेली, यावर दोघांत चर्चाही रंगली.

१९०८ साली सान्याल वारले. तीस वर्षांहून जास्त काळ ते एकाच बागेत राबले. आज देशात केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाच्या नियमांनुसार प्रत्येक प्राण्याचा जन्म, मृत्यू, आजार यांची नोंद ठेवावी लागते. सान्याल हे काम तेव्हा करत होते, जेव्हा असा कोणताच कायदा नव्हता. आणि ज्यांची नजर अधू म्हणून डॉक्टरकी सुटली, त्यांनी आयुष्यभर केलं ते जनावरांकडं बघत राहण्याचंच काम.