वाकड्या पायाचा डॉक्टर

सावेडीत पाइपलाइन रोडनं सकाळी जाताना एखाद्या फिजिओथेरपीच्या दवाखान्याबाहेर मूल कडेवर घेऊन बसलेल्या आया दिसतात. कुणी पाथर्डीहून पहिल्या एस.टी.नं आलेली, कुणी शेवगावहून. मूल चार-पाच वर्षांचं, तरी कडेवरच. पाय कात्रीसारखे एकमेकांवर आलेले, कोपर वाकलेलं, मनगट आत वळलेलं आणि अंगठा मुठीत घट्ट दाबलेला. डॉक्टर याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात, बोलताना आपण ‘स्पास्टिक’ म्हणतो. जुन्या डॉक्टरी पुस्तकांत मात्र याचं नाव होतं ‘लिटल्स डिसीज’. लिटल हे एका माणसाचं आडनाव. या विल्यम जॉन लिटलची गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. मैत्रिणींनो, ती आज सांगायची आहे.

लिटलचा जन्म ७ ऑगस्ट १८१० चा, लंडनच्या ऑल्डगेट भागातला. वडिलांची तिथं खाणावळवजा सराई होती. लहानपणी त्याला गोवर, डांग्या खोकला असं एकामागून एक झालं, आणि दोन वर्षांचा असताना पोलिओनं गाठलं. त्या काळी लस नाही आणि रोगाला धड नावही नाही. (आपल्या देशात जानेवारी २०११ नंतर पोलिओचा जंगली विषाणू सापडलेला नाही, ते केवढं मोठं काम झालं, हे अशा गोष्टी वाचताना कळतं.) ताप उतरला, पण डावा पाय वाकडाच राहिला. टाच वर, पाऊल आत वळलेलं. शाळेत पोरं चिडवायची. मुलाचं डोकं मात्र तल्लख. फ्रान्समध्ये शिकायला ठेवलं तर फ्रेंच भाषा चांगली अवगत करून आला. पुढे या भाषेनंच त्याला हात दिला, कारण वाकड्या पायावरचं नवं लिखाण इंग्रजीत नव्हतंच.

पंधरा-सोळाव्या वर्षी तो एका औषधविक्या वैद्याकडे उमेदवारीला लागला. १८२८ मध्ये लंडन हॉस्पिटलमध्ये विद्यार्थी म्हणून दाखल झाला. तो डॉक्टर व्हायला निघाला यामागं दुसरं काही नव्हतं, स्वतःचा पाय होता. पण शिकवणारे मोठमोठे सर्जन त्या पायाकडे बघून मान हलवायचे. टाचेमागची जाड दोरीसारखी कंडरा कापली तर पाय सरळ होईल, हे सुचत होतं सगळ्यांना, पण जखमेत पू व्हायचा आणि माणूस जायचा, म्हणून हात लावायला कुणी धजत नव्हतं.

मग त्यानं ऐकलं की जर्मनीत हॅनोव्हर गावात श्ट्रोमायर नावाचा सर्जन वेगळ्या तऱ्हेनं हे करतो. कातडीला अगदी बारीक भोक पाडायचं, त्यातून पातळ सुरी आत घालायची, कातडीखालीच कंडरा कापायची. जखम उघडी राहतच नाही. काही दिवसांनी पाऊल हळूहळू ताणून जागेवर आणायचं. लिटल बर्लिनपर्यंत पोचला, तिथल्या डॉक्टरांनाही भेटला आणि शेवटी हॅनोव्हरला गेला. ६ जून १८३६ रोजी श्ट्रोमायरनं त्याच्या पायावर शस्त्रक्रिया केली. भूल द्यायचं औषध अजून दहा वर्षं लांब होतं, तेव्हा हे सगळं जागेपणीच झालं. पाय सरळ झाला. पंचविशीतला हा तरुण टाच टेकवून चालला.

दुसरा कुणी असता तर आनंदानं घरी परतला असता. हा तिथंच थांबला आणि श्ट्रोमायरकडून ते काम शिकून घेतलं. बर्लिनला परत गेला तेव्हा डिफेनबाखसारखा नावाजलेला सर्जन त्याचा पाय बघून चकित झाला आणि मग स्वतःही ही शस्त्रक्रिया करू लागला. वाकड्या पायावरच प्रबंध लिहून लिटलनं १८३७ मध्ये बर्लिनची पदवी घेतली, आणि त्याच वर्षी २० फेब्रुवारीला लंडनमध्ये पहिल्या रोग्याचा पाय सरळ केला. १८४० मध्ये लंडनच्या ब्लूम्सबरी स्क्वेअरमध्ये त्याच्या पुढाकारानं अशा रोग्यांसाठी खास दवाखाना उघडला. मुलाचं नाव त्यानं लुईस श्ट्रोमायर लिटल ठेवलं. उपकार मानायची ही पद्धत आपल्याकडच्या मंडळींना लगेच समजेल.

त्या दवाखान्यात वाकडे पाय घेऊन जी मुलं येत, त्यांतली काही वेगळी आहेत हे त्याच्या लक्षात येऊ लागलं. त्यांना पोलिओ झालेला नव्हता. पोलिओत हातपाय लुळे पडतात, यांचे उलट ताठ. मांड्या एकमेकींना चिकटलेल्या, हात आखडलेले, कुणाचं बोलणं अडखळतं, कुणाची लाळ गळते. पण यांतली बरीच मुलं बुद्धीनं चांगली होती, हेही त्यानं नोंदवलं. तो आयांना खोदून खोदून विचारायचा. बाळंतपण कसं झालं? दिवस पूर्ण भरले होते का? बाळ लगेच रडलं का? वीसेक वर्षांत अशी दोनशेच्या आसपास मुलं त्यानं पाहिली आणि १८६१ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या प्रसूतिशास्त्राच्या संस्थेपुढे आपलं म्हणणं मांडलं. दिवस न भरता जन्म, अडलेलं बाळंतपण, जन्मताच श्वास कोंडणं, यांनी मेंदूला इजा होते आणि त्यातून हा ताठरपणा येतो. रोग हातापायात नाही, मेंदूत आहे.

आज यात विशेष काय, असं वाटेल. पण आपल्याकडे अजूनही असं मूल झालं की पहिलं बोट कुणाकडे जातं? ग्रहणात विळी हातात धरली होती, तिन्हीसांजेला बाहेर गेली होती, पोटुशी असताना नको ते खाल्लं होतं. लिटलनं दीडशे वर्षांपूर्वी मेंदूकडे बोट दाखवलं, त्यात आईच्या पापपुण्याला जागाच नव्हती.

अर्थात त्याचं सगळंच बरोबर ठरलं असं नाही. १८९७ मध्ये सिग्मंड फ्रॉईडनं शंका काढली. हाच तो पुढे मनोविश्लेषणामुळे जगभर गाजलेला फ्रॉईड, तेव्हा तो मेंदूचा डॉक्टर होता. त्याचं म्हणणं, कदाचित बाळाच्या मेंदूत पोटात असतानाच काही बिघडलेलं असेल आणि बाळंतपण अवघड जाणं हा त्याचाच परिणाम असेल. त्याचं कुणी फारसं ऐकलं नाही. पुढे जवळजवळ शंभर वर्षं दोष बाळंतपणावर, म्हणजे फिरून सुईणीवर, डॉक्टरवर आणि आईवरच येत राहिला. १९८० च्या दशकात अमेरिकेत सुमारे ५४ हजार गरोदरपणांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दिसलं की जन्मताना श्वास कोंडल्यामुळे झालेल्या केसेस थोड्याच, बऱ्याच मुलांची गोष्ट आधीच सुरू झालेली असते. तरी अपुऱ्या दिवसांच्या बाळाला धोका जास्त, हे लिटलचं निरीक्षण आजही खरं आहे.

उतारवयात लिटलला ऐकू येईनासं झालं, त्यानं काम सोडलं आणि १८९४ मध्ये केंट परगण्यात तो वारला. त्याची एक सून मात्र सांगण्यासारखी आहे. अ‍ॅलिशिया तिचं नाव. थोरला मुलगा आर्चिबाल्ड चीनमध्ये व्यापारी होता. तिथं मुलींचे पाय लहानपणीच आवळून बांधत, बोटं मोडून पाऊल लहान ठेवत. सासरे गेल्याच्या पुढच्याच वर्षी, १८९५ मध्ये, या बाईनं शांघायमध्ये पाय बांधण्याच्या विरोधात संस्था काढली. सासऱ्यानं वाकडे पाय सरळ केले, सुनेनं सरळ पाय वाकडे होऊ नयेत म्हणून गावोगाव फिरून भाषणं दिली.

लिटलच्या सुरीचा जोर पायावर होता. हाताचं गणित अवघड. पायाला उभं राहता आलं की पुष्कळ झालं, हाताला मात्र घास घ्यायचा असतो, बटण लावायचं असतं. तिथली वाट पुढच्या लोकांनी काढली. छकड्याला एक बैल ओढाळ आणि एक अशक्त असला की गाडी एकाच बाजूला जाते, तसं या हाताचं असतं. मनगट आत वळवणारा स्नायू जोरात ओढत राहतो. मग त्याच ओढाळ स्नायूच्या कंडरेचं टोक सोडवून मनगटाच्या पाठीमागच्या बाजूला जोडायचं, म्हणजे तोच बैल दुसऱ्या अंगाला जुंपायचा. ही शस्त्रक्रिया अमेरिकेतल्या ग्रीन नावाच्या सर्जननं १९४२ मध्ये मांडली आणि आजही करतात. मुठीत अडकलेला अंगठा सोडवता येतो, कोपराची कंडरा लांब करता येते. ताठरपणा कमी करायला बोटुलिनमचं इंजेक्शनही देतात, त्याचा असर तीन-चार महिने टिकतो.

अगदी नवी वाट चीनमधलीच आहे, आणि तीही शांघायची. तिथल्या डॉक्टरांनी धडधाकट बाजूची मानेतली एक नस आखडलेल्या हाताकडे नेऊन जोडली. २०१८ मध्ये त्यांनी ३६ रोग्यांची माहिती छापली. निम्म्यांवर शस्त्रक्रिया, निम्म्यांना नुसता व्यायाम. वर्षभरानं शस्त्रक्रियावाल्यांचा हात जास्त सुधारलेला होता आणि ताठरपणाही कमी झाला होता. अर्थात हे सगळ्यांना लागू पडत नाही, सगळीकडे होतही नाही.

मुंबईत डॉ. मिथू अलूर यांनी १९७२ मध्ये स्पास्टिक मुलांसाठी संस्था सुरू केली, तेव्हापासून महाराष्ट्रात या मुलांच्या शाळेचा विचार होऊ लागला. शस्त्रक्रियेबाबत मात्र अजून दोन टोकं दिसतात. एक म्हणतं, चिरफाड नकोच. दुसरं म्हणतं, ऑपरेशन झालं की पोर खडखडीत बरं. मेंदूतली इजा सुरी पुसत नाही. कंडरेची जागा बदलली तर काही आठवडे प्लास्टर, मग स्प्लिंट आणि महिनोन् महिने व्यायाम हे आलंच. हाताच्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी मूल सांगितलेलं ऐकेल, हात हलवून दाखवेल, एवढं मोठं व्हावं लागतं, म्हणून सर्जन बहुधा सहा-सात वर्षांपर्यंत थांबतात. आणि काही मुलांच्या बाबतीत हेतू एवढाच असतो की मूठ उघडावी, तळहात धुता यावा, नखं कापता यावीत, सदऱ्याच्या बाहीत हात सहज जावा. ज्या आईला रोज ती घट्ट मूठ उघडून आतला घाम पुसावा लागतो, तिला विचारा हे किती मोठं आहे ते.