रोजच्या शिस्तीतून घडलेले विश्वेश्वरय्या

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची दोन मेणबत्त्यांची गोष्ट आपण ऐकली असेल. सरकारी कामाला सरकारी मेणबत्ती आणि खासगी पत्राला स्वतःची. अशीच गोष्ट इतरही थोरांच्या नावावर सांगितली जाते, म्हणून ती बाजूला ठेवू. नक्की घडलेले पुष्कळ आहे.

लहान वयातच वडिलांचे छत्र हरपले. बेंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजात शिकताना ते मुलांच्या शिकवण्या करून खर्च भागवत. दुसऱ्याच्या घरी ठरलेल्या वेळी पोहोचायचे आणि मग आपला अभ्यास करायचा. वेळेची शिस्त त्यांना अशी गरजेतून लागली असावी. १८८१ मध्ये ते बी.ए. झाले, म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्याला गेले आणि १८८३ मध्ये अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले.

पुढच्याच वर्षी ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. सुरुवातीच्याच काळात धुळे भागात पांझरा नदीवर पाणी पलीकडे नेणारा नळाचा सायफन बांधण्याचे काम त्यांच्याकडे आले. पावसामुळे अडचणी येऊ लागल्या, तेव्हा काम पुढे ढकलावे असे त्यांनी वरिष्ठांना कळवले. वरिष्ठांना ते आवडले नाही. आपल्यावर अशी वेळ आली तर आपण काय करतो? मनात कुढतो, कारणांची यादी करतो. कारण तर त्यांच्याकडेही होते, आणि खरे होते. तरी त्यांनी काम पुन्हा हाती घेतले आणि पुरे केले. हातातले काम तडीस नेण्याची ही सवय नोकरीच्या आरंभीच लागली, हे मला फार मोलाचे वाटते.

पुढे पुण्याजवळ खडकवासला धरणावर त्यांनी स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठराविक पातळीला पोहोचले की ते आपोआप उघडत आणि पूर ओसरला की मिटत. धरणाची भिंत न वाढवता साठा वाढला.

१९१२ मध्ये ते म्हैसूरचे दिवाण झाले. पद स्वीकारण्यापूर्वी त्यांनी नातेवाईकांना आणि मित्रांना जेवायला बोलावून स्पष्ट सांगितले, की कोणीही आपल्याकडे शिफारस मागायची नाही, तरच आपण हे पद घेऊ, असे सांगतात. विचार करा, घरच्यांना तोंडावर नाही म्हणणे किती जड जाते! वाणिज्य शाखेत आम्हाला पहिला धडा मिळतो तो मालकाचा आणि धंद्याचा हिशेब वेगळा ठेवण्याचा. पुस्तकात तो दोन ओळींचा आहे. घरात पाळायचा म्हणजे माणसे दुखावतात.

दिवाणपदाच्या सहा वर्षांत म्हैसूर बँक आणि म्हैसूर विद्यापीठ उभे राहिले. पुढे राज्याच्या धोरणावर मतभेद झाले तेव्हा त्यांनी पद सोडले.

त्यांचा दिवस मात्र बदलला नाही. नियमित फिरणे, बेताचे जेवण, भेटीची वेळ मिनिटावर पाळणे. वय झाल्यावरही कोट आणि म्हैसुरी पगडी नीट घातल्याशिवाय ते पाहुण्यांसमोर येत नसत. भद्रावतीचा लोखंड कारखाना तोट्यात असताना १९२३ पासून त्यांनी तो सांभाळला. तिथले मानधन त्यांनी घेतले नाही. साठलेली रक्कम लाखाच्या वर गेली तेव्हा त्यांनी सरकारला सांगितले, की तिच्यातून बेंगळुरूमध्ये तरुणांना हाताचे काम शिकवणारी संस्था काढावी. ती निघाली, आणि तिला त्यांनी आपले नाव देऊ दिले नाही. ते म्हैसूरच्या महाराजांचे, जयचामराजेंद्रांचे, दिले गेले.