विश्लेषण : एका ‘पॉइंट’चे अर्थ किती? इंग्रजी शब्दांचा गुंता सोडवणारे मेजर कँडी कोण होते?

माथेरानला गेलेला पर्यटक ‘पॉइंट’ पाहतो, तेव्हा ते डोंगराचे टोक असते. त्याच कर्जत तालुक्यात रेल्वेचा ‘पॉइंट’ म्हणजे रुळांचा सांधा आणि तो बदलणारा सांधेवाला. याशिवाय भूमितीत पॉइंट म्हणजे बिंदू, भाषणात मुद्दा आणि खेळात गुण. इंग्रजीत शब्द एक, मराठीत मात्र पाच. अशा शब्दांची मराठीत बारकाईने फोड करणारा मोठा इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये प्रसिद्ध झाला. तो पूर्णत्वास नेला मेजर थॉमस कँडी यांनी.

छोटे शब्दच अवघड का?

‘टेलिस्कोप’ला दुर्बीण म्हटले की काम भागते. लांब, शास्त्रीय शब्दांचा अर्थ सहसा ठरलेला असतो. छोटे शब्द मात्र जुने आणि रोजच्या वापरातले. प्रत्येक धंद्याने त्यांना आपापला अर्थ दिला. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत ‘सेट’ या एका क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ होते. पुढे ‘रन’ने त्यालाही मागे टाकले. त्याचे ६४५ अर्थ नोंदवले गेले.

कर्जत-खालापूर पट्ट्यातही याची उदाहरणे सापडतात. घाट चढण्यासाठी कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने जोडली जातात, त्यांना ‘बँकर’ म्हणतात. त्यांचा पैशांच्या बँकेशी संबंध नाही. रेल्वेच्या इंग्रजीत ‘बँक’ म्हणजे चढ. खालापूरच्या कारखान्यात ‘प्लान्ट’ म्हणजे यंत्रसंच, तर कर्जतच्या कृषी संशोधन केंद्रात ‘प्लान्ट’ म्हणजे रोप.

मेजर कँडी कोण होते?

कँडी यांचा जन्म १३ डिसेंबर १८०४ रोजी इंग्लंडमधील ईस्ट नॉइल येथे झाला. ऑक्सफर्डमध्ये शिक्षण घेऊन ते १८२२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात दाखल झाले आणि दुभाषी म्हणून काम करू लागले. मराठीवरील प्रभुत्वामुळे त्यांची आणि त्यांचे बंधू जॉर्ज यांची जेम्स मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामावर नेमणूक झाली. हा कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला.

तिथे प्रश्न उलटा होता. दार लावणे, दिवा लावणे, कुंकू लावणे, रोप लावणे, गजर लावणे या साऱ्यांत मराठी क्रियापद एकच, पण इंग्रजीत दर वेळी नवा शब्द. म्हणजे छोट्या शब्दांत अनेक अर्थ भरण्यात मराठीही मागे नाही.

इंग्रजी-मराठी कोश कसा झाला?

या कोशाची सुरुवातही मोल्सवर्थ यांनीच केली. मात्र प्रकृती ढासळल्याने १८३६ मध्ये त्यांना मायदेशी परतावे लागले आणि काम कँडी यांच्यावर आले. १८३७ मध्ये पुण्याच्या संस्कृत पाठशाळेची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. हे सर्व सांभाळून त्यांनी सुमारे दहा वर्षांत कोश तडीस नेला. परशुरामपंत गोडबोले यांच्यासारख्या पंडितांची मदत त्यात मोलाची होती. इंग्रजी शब्दाचे अर्थ वेगळे काढणे हे कँडींचे काम; पण प्रत्येक अर्थाला बोलीतला नेमका मराठी शब्द सुचवण्यासाठी मराठी माणूसच हवा होता.

अर्थ चुकला तर काय बिघडत होते?

कँडी पुढे सरकारचे मुख्य मराठी भाषांतरकार झाले. शाळेची पुस्तके आणि कायदे त्यांच्या हाताखालून जाऊ लागले. १८६० च्या भारतीय दंडसंहितेचे मराठी भाषांतर हे त्यातले जोखमीचे काम होते. ‘अ‍ॅक्ट’ हाच शब्द घ्या. दंडसंहिता स्वतः एक ‘अ‍ॅक्ट’, म्हणजे कायदा. पण तिच्या कलमांत ‘अ‍ॅक्ट’ म्हणजे माणसाचे कृत्य. नाटकात तोच शब्द अंक होतो. कथेत अशी गफलत झाली तर वाचक हसेल. कायद्यात झाली तर एखाद्याला शिक्षा होईल किंवा गुन्हेगार सुटेल. इंग्रजी न जाणणाऱ्या माणसाला कायदा कळणार होता तो भाषांतरातूनच.

काळही धामधुमीचा होता. १८३० मध्ये बोर घाटाचा रस्ता चाकांच्या गाड्यांसाठी खुला झाला, १८५६ मध्ये आगगाडी खोपोलीला पोहोचली आणि १८६३ मध्ये ती कर्जतहून घाट चढून गेली. दंडसंहिता लागू झाली १८६२ मध्ये. रेल्वे, कचेरी आणि शाळा यांच्यासोबत इंग्रजी शब्द गावोगाव येऊ लागले.

त्यांच्यावर टीका का झाली?

कँडी यांनी मराठीत विरामचिन्हे रुळवली. त्यासाठी १८५० मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही पुस्तिका काढली. आजही मराठी वाक्यात स्वल्पविराम देताना त्यांनी घालून दिलेली वाटच वापरली जाते. मात्र क्रमिक पुस्तकांची भाषा एका इंग्रज अधिकाऱ्याने ठरवावी, हे अनेकांना खटकले. त्या भाषेला इंग्रजी वळण असल्याचा आक्षेप आला आणि तो निराधार नव्हता. कोशाची दुसरी आवृत्ती १८७३ मध्ये निघाली. २६ फेब्रुवारी १८७७ रोजी महाबळेश्वर येथे त्यांचे निधन झाले. इंग्लंड सोडून आल्याला तेव्हा ५५ वर्षे होत आली होती.

आज याचा उपयोग काय?

आज भाषांतर मोबाइलच्या एका टिचकीवर होते. पण अडचण तीच आहे. सुटा ‘बँकर’ शब्द टाकला तर यंत्राला सावकार सुचू शकतो, घाटातले इंजिन नव्हे. पूर्ण वाक्य दिले तर अचूक अर्थ मिळण्याची शक्यता वाढते. नोकरीचा करार, औषधाची चिठ्ठी किंवा कर्जाचा कागद वाचताना छोट्या शब्दावर थांबून तो कोणत्या व्यवहारात आला आहे हे पाहणे शहाणपणाचे. कँडी आणि त्यांचे पंडित दहा वर्षे हेच करत होते.